हळदीतला ळ

हवालदार गोळी घेण्याआधी तिला सलाम करायचे. टाचा जुळवून, डाव्या तळहातावर गोळी ठेवून, उजवा हात कपाळाला. मग ती तोंडात टाकून पेलाभर पाणी प्यायचे, मिशीवरून पालथा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हं, आता तुमी." त्यांची गोळी रक्तदाबाची, आमच्या डोक्याच्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळ-संध्याकाळ आम्ही अठरा-वीस जण रांगेत उभे असायचो आणि पहिली गोळी त्यांची असायची. एकदा त्यांची गोळी आणायची राहून गेली, तर त्यांनी भाजक्या शेंगदाण्याला सलाम ठोकला आणि तो गंभीर चेहऱ्यानं गिळला. मी रांगेत पहिला होतो म्हणून मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. आजारी पडल्यापासून मी हसलो असेन तर त्या दिवशी पहिल्यांदा.

ही गोष्ट सांगलीतली, नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची. मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गल्लीत मनाच्या आजारांचा एक छोटा दवाखाना होता. वीस खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर, स्वयंपाकाच्या मावशी आणि हवालदार. ते मूळचे साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले. फौजेच्या दवाखान्यांतून वीस वर्षं रुग्णांची सेवा करून पेन्शनीवर आलेले आणि घरी बसवेना म्हणून सांगलीत नर्सिंगला लागलेले. दवाखान्यामागच्या खोलीत राहायचे, शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जायचे, सोमवारी सकाळी हजर. डॉक्टरांसकट सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी मात्र कलप लावून काळी कुळकुळीत. केसांना का लावत नाही असं सिस्टरनी विचारलं तर म्हणाले होते, माणूस आपल्या तोंडाकडं बघून बोलतो, टाळक्याकडं कोण बघतंय.

मी तिथला पेशंट होतो. पहिल्या खेपेला अडीच महिने.

माझा धंदा पाट्या रंगवण्याचा. तेव्हा संगणकावरचे बोर्ड आले नव्हते. दुकान उघडायचं म्हणजे आधी पेंटरला बोलवायचं. मी विहाराची भिंत रंगवली होती, शाळा रंगवल्या होत्या, रिक्षांच्या मागच्या ओळी लिहिल्या होत्या. हात चांगला होता. सव्विसाव्या वर्षी झोप गेली. मग दिवसा दोन पुरुष आणि एक बाई माझ्याबद्दल आपसांत बोलू लागले, आणि ते कुठं दिसत नव्हते. आणि मग अक्षरं माझ्याकडे बघायला लागली. सगळ्यांत जास्त ळ. त्याची ती दोन वेटोळी मला दोन डोळे वाटायची, मिटलेले, पण मी पाठ फिरवली की उघडणारे. ज्या पेंटरला ळ टाळायचा असेल त्यानं सांगलीत राहू नये. हळद आणि गूळ, दोन्हीत तो आहे आणि पेठेतल्या दर दुसऱ्या पाटीवर आहे. एका पहाटे मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन पेठेत गेलो आणि सहा पाट्या पुसून टाकल्या. त्यातल्या चार मीच रंगवलेल्या होत्या. शालन, माझी बायको, अडवायला मागून धावत आली होती, तिला मी ढकललं. ती पायरीवर पडली. त्याच दिवशी ती आमच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन पलूसला माहेरी गेली आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, पंचानं माझे हात बांधून मला रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या फाटकापाशी मी आत जायला तयार होईना. फाटकावर पाटी होती आणि तिच्या शेवटच्या ओळीत 'वेळ' असा शब्द होता. दादा ओढत होता, रिक्षावाला ढकलत होता. आतून हवालदार आले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आजार विचारला नाही. आधी पंचा सोडला, त्याची नीट घडी केली आणि दादाच्या खांद्यावर ठेवली. मग मला विचारलं, भीती कुणाची वाटतीय. मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी पाटीकडे बराच वेळ बघितलं, डोळे बारीक करून, अगदी खालून वरपर्यंत.

"मला त्यात काय दिसत न्हाई," ते म्हणाले. "पण तुला दिसतंय न्हवं? मग झाकू या की."

आतून एक चादर आणली, स्टुलावर चढले आणि पाटी झाकून वरच्या कोपऱ्यांना सुतळीनं बांधली. उतरून मागं सरले, जवळून-लांबून बघितलं आणि मला विचारलं, आता ठीक है? मी मान हलवली आणि स्वतःच्या पायांनी आत गेलो.

ती चादर जवळजवळ दोन महिने तिथं होती. नवीन येणारी माणसं दवाखाना शोधत पुढं जायची, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची. रिक्षावाल्यांनी तर चादरीचा दवाखाना असं नावच पाडलं. डॉक्टर मुळात कमी बोलणारे. त्यांनी एकदाच विचारलं, हे काय आहे. पेंटर आत हाय तवर असू द्या साहेब, असं उत्तर मिळालं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि ते ओपीडीत निघून गेले. मला हे सगळं नंतर कळलं.

हवालदार कुणालाही पेशंट म्हणत नसत. ते माणसाला त्याच्या कामानं हाक मारायचे. मी पेंटर. तासगावकडचे एक शिक्षक होते ते मास्तर. एक बाई कुरडया-पापड करायच्या, त्या सुगरणबाई. एक विशीतला मुलगा होता, त्यानं आयुष्यात काही काम केलं नव्हतं. त्याला विचारलं, तुला काय व्हायचं हाय. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, गार्ड, रेल्वेचा. त्या दिवसापासून तो गार्ड. सकाळच्या फेरीला निघताना शिट्टी वाजवायचं काम त्याच्याकडे.

ही सकाळची फेरी म्हणजे एक प्रकरणच होतं. ज्यांची तब्येत बरी आहे अशांना घेऊन हवालदार रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचे. दोन-दोनच्या रांगेत, मधे अंतर ठेवून, पुढं गार्डची शिट्टी आणि बाजूनं हवालदार खाकी हाफपँटमध्ये. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. मला लाज वाटायची. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, उद्यापास्नं तू रांगेच्या भायेर चाल, दुसऱ्या फुटपाथवर, जसा काय आमच्यातला न्हाईस. मी दोन दिवस तसा चाललो. दुसऱ्या फुटपाथवरून एकट्यानं चालणं जास्त वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी परत रांगेत आलो. त्यांनी मास्तरांना थोडं पुढं सरकवून माझी जागा करून दिली. घाटावरून येताना चहा. चहावाल्यानं सुरुवातीला आमच्यासाठी वेगळे कप काढले होते. हवालदारांनी त्यातलाच एक कप स्वतःला घेतला, चहा पिऊन विसळला आणि त्याच्या नेहमीच्या कपांत मिसळून ठेवला. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी कुठले कप कुणाचे हे त्या चहावाल्यालाच सांगता येईना.

माझ्या आवाजांना ते पाव्हणं म्हणायचे. रोज सकाळी विचारायचे, झोप कशी, जेवण कसं, आणि पाव्हणं आलं होतं का, काय म्हणत होतं. मी सांगायचो, ते ऐकायचे. खोटं आहे असं कधी म्हणाले नाहीत आणि खरं आहे असंही नाही. मी एकदा चिडून विचारलं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही. त्यावर म्हणाले, "तुला ऐकू येतंय ह्याच्यावर हाय. मला येत न्हाई ह्याच्यावर तू ठेव." आजाराबद्दल मला इतकं सरळ त्याआधी कुणी काही सांगितलं नव्हतं. माझी आई चोरून अंगारा लावायची, वडील तो पुसायचे आणि त्यावरून दोघांचं भांडण व्हायचं.

ते साधूसंत नव्हते. कॅरममध्ये उघड लबाडी करायचे. स्ट्रायकर रेषेच्या पुढं सरकवायचे आणि पकडले की, फौजेत असंच खेळत्यात, म्हणायचे. हरले तर संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसायचे. नातेवाइकांवर भयंकर तापायचे. एका गृहस्थांनी आपल्या भावाला सगळ्यांसमोर वेडा म्हटलं, तर हवालदारांनी त्यांना व्हरांड्यातून उठवून उन्हात बसवलं आणि अर्धा तास आत घेतलं नाही. सिस्टरनी डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टरांनी बोलावून समज दिली, ती हवालदारांनी टाचा जुळवून ऐकून घेतली आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी उन्हात बसवलं.

महिनाभरात आवाज मंदावले, पण माझा हात गेला. गोळ्यांनी बोटं ताठरली आणि थरथरू लागली. तोंडाला कोरड पडायची, चालताना हात हलायचे नाहीत. पेंटरचा हात थरथरायला लागला म्हणजे पुढं काय राहिलं. मी गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकायचं ठरवलं आणि पहिल्याच संध्याकाळी पकडला गेलो. मला वाटलं आता सुई. हवालदारांनी मला त्यांच्या खोलीत नेलं, जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं एक रेघ मारायला सांगितली, पट्टी न वापरता. रेघ मुंगीच्या वाटेसारखी आली. त्यांनी तिच्यापुढं वार लिहिला. रोज सकाळी एक रेघ. आठ दिवसांनी तो कागद घेऊन ते मला डॉक्टरांच्या टेबलासमोर घेऊन गेले.

"साहेब, तुमची गोळी डोक्याला बरी हाय," ते म्हणाले, "पण ह्यो हाताच्या जिवावर खातो."

डॉक्टरांनी आठही रेघा बघितल्या. मला बोटं मिटायला-उघडायला लावली, मनगट फिरवून बघितलं. मग डोस कमी केला, थरथर थांबायची एक वेगळी गोळी दिली, आणि मला खुर्चीवर बसवून सांगितलं की असा त्रास झाला तर थुंकू नका, मला सांगा, त्याला उपाय असतात. कॅलेंडरवरच्या रेघा पुढं चालूच राहिल्या. तिसऱ्या पानामागं पोचेपर्यंत त्या सरळ झाल्या होत्या.

मग त्यांनी काम काढलं. दवाखान्यातल्या पाण्याच्या मगांवर नंबर होते, ते त्यांना खटकायचे. माणसाला नंबर काय म्हणून द्यायचा. पण मला अक्षरांची भीती आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून म्हणाले, चित्रं काढ. मी मास्तरांच्या मगावर छत्री काढली, सुगरणबाईंच्या मगावर वांगं, गार्डच्या मगावर अर्थातच हिरवं निशाण. हवालदारांनी स्वतःच्या मगावर वाघ मागितला. वाघ मांजरासारखा आला. ते त्यावर दोन दिवस नाराज होते, पण मग तोच वापरायचे. चित्रांनंतर हळूहळू एकेक अक्षर. आधी अ नाही, क नाही. आधी नुसता काना, उभी रेघ. मग र, मग व. ळ कधी घ्यायचा ते तू सांग, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. चादर एका सकाळी मीच जाऊन सोडली. त्यासाठी मला फाटकापाशी तासभर उभं राहावं लागलं आणि त्या तासात हवालदार शेजारी उभे राहून दात कोरत होते.

घरी सोडल्यावर आठच दिवसांनी ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, चल पेठेत. मी जिथं जायला घाबरत होतो तिथंच. पुसलेल्या सहा पाट्यांपैकी पाच दुकानदारांनी दुसऱ्या पेंटरकडून रंगवून घेतल्या होत्या. एका हळदीच्या व्यापाऱ्यांची पाटी तशीच पांढरी होती. त्यांना आळस होता म्हणा किंवा काय. हवालदारांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. शेठ मला बघून गादीवरून उठले आणि दोन पावलं मागं सरले. मला घाम फुटला. हवालदार त्यांना म्हणाले, तुमी तुमचं काम करा, मी हितं बसतो, ह्यानं काय केलं तर मला धरा. आणि हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर पांढऱ्या पायजम्यानिशी जाऊन बसले.

मी शिडीवर चढलो. खडूची दोरी ताणून रेघा पाडल्या, अक्षरं आखली. शेठचं नाव झालं, आडनाव झालं. दुपारी तीन वाजता 'हळद' आलं. ह काढला. मग ब्रश हातात धरून तसाच थांबलो. पाव्हणे आले होते. ती बाई म्हणत होती, काढ बघू, काढ.  मी खाली बघितलं. हवालदार वर बघत होते.

"काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं, साध्या आवाजात, पेठेतली गिऱ्हाइकं ऐकत असताना.

मी सांगितलं.

"मग काय घाई न्हाई. द काढ आधी. मधली जागा सोड."

असं कुणी पाटी रंगवत नाही. पण मी द काढला. मग त्या दोन्हींच्या मधे तेवढीच जागा उरली, एका अक्षराची. एवढा वेळ मला तो ळ माझ्या अंगावर येणारा वाटत होता. आता नुसती एक रिकामी जागा होती आणि पाटी त्याच्यावाचून चुकीची दिसत होती. शेठ खालून वाचून म्हणाले, अहो हद काय, हद. माझ्यातला पेंटर त्यावर चिडला. मी ब्रश बुडवला आणि एका दमात ळ काढला. दोन वेटोळी, खाली सोडलेली शेपटी. चांगला आला. खाली उतरून बघितला तरी चांगला दिसत होता. हवालदार थप्पीवरून उठले तेव्हा त्यांचा पायजमा मागून पूर्ण पिवळा झाला होता आणि तसेच ते सांगलीच्या बाजारातून ताठ मानेनं चालत दवाखान्यात गेले. शेठनी हाक मारून सांगितलं, तर म्हणाले, लग्नातबी लावत्यातच की.

माझं मन मात्र पलूसला होतं. दादा दोनदा जाऊन आला होता, सासऱ्यांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं होतं. हवालदारांना हे कळल्यावर त्यांनी एक रविवार गावी जाणं रद्द केलं. एप्रिल महिना, आणि ते फौजेचा लोकरी कोट घालून, छातीवर पदकं लावून एसटी स्टँडवर उभे. मी म्हटलं, उकडेल. उकडू दे, म्हणाले, सोयऱ्याकडं चाललोय.

सासरे रेल्वेत गँगमन होते. कष्टाळू, तापट माणूस. त्यांनी हवालदारांना पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. मुलीला परत पाठवणार नाही, तिनं काय वाईट केलं होतं म्हणून असल्या घरात दिवस काढावेत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. सासऱ्यांनी मग खोचून विचारलं की आवं, पुन्हा असं होणार नाही याची तुम्ही गॅरंटी देता का. मला वाटलं आता ते देतील. त्यासाठीच तर पदकं लावून आले होते.

"न्हाई देत," हवालदार म्हणाले. "परत उलटू शकतं. उलटलं तर काय करायचं ते सांगाया आलोय."

आणि त्यांनी सासऱ्यांकडे पाठ न करता पण तोंड फिरवून दाराआड उभ्या असलेल्या शालनला बाहेर बोलावलं. पुढचा तासभर ते फक्त तिच्याशी बोलले. हा आजार काय असतो, तो कुणाच्या करणीनं किंवा कुणाच्या वागण्यानं होत नाही, गोळ्या किती दिवस लागतील, गोळ्यांनी काय त्रास होतो. दोन रात्री झोप नाही, जेवण सुटलं, पाट्यांकडे टक लावून बघतोय, असं दिसलं की तिसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात यायचं. शालन सातवी शिकलेली. तिनं मुलीच्या पाटीवर पेन्सिलीनं ते उतरवून घेतलं. सगळं झाल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो हवालदारांना विचारला.

"त्येंनी परत मला मारलं तर?"

हवालदार माझ्याकडे वळले. "पेंटर, ह्ये तू सांग."

मी आजवर त्या पहाटेबद्दल कुणाशी बोललो नव्हतो. आजारात घडलं, आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, मला आठवतंय. मी तुला ढकललं. तू पायरीवर पडलीस आणि मी थांबलो नाही. एवढंच बोलता आलं. सासरे पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. हवालदारांनी शालनला सांगितलं की तशी वेळ दिसली तर ह्याला आवरत बसायचं नाही. पोरीला उचलायचं आणि शेजारी जायचं, तिथनं दवाखान्यात निरोप द्यायचा. आधी तुमी दोघी, मग ह्यो. माझ्यासमोर, माझ्याच बाजूचा माणूस हे सांगत होता आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

शालननं पाटीवरचं पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाली, "मी येती. पण गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या. पोरीसमोरबी. लपून काय न्हाई." हे ती वडिलांकडे बघून म्हणाली. सासरे उठून मागच्या दारी गेले, तोंड धुऊन परत आले आणि त्यांनी जेवायला थांबायला सांगितलं. जेवताना रेल्वेचा चहा जास्त वाईट की फौजेचा, यावरून त्यांची आणि हवालदारांची जुंपली. ती शेवटची एसटी येईपर्यंत मिटली नव्हती.

आणि उलटलं. दोन वर्षांनी, पाचगणीत. तिथल्या एका बोर्डिंग शाळेत खोल्यांचे नंबर, वर्गांतले फळे, जिन्यावरच्या सूचना असं महिन्याभराचं काम मिळालं होतं. थंड हवा, हात सफाईदार चाललेला, आणि जिच्यासमोर गोळी घ्यायची ती शालन तिथं नाही. मला वाटलं, आता मी बरा आहे. गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली, आणि यावेळी इंग्रजी अक्षरंसुद्धा बघायला लागली. शालननं पाटीवर लिहून घेतलेलं मला पाठ झालं होतं, कारण ती पाटी आमच्या घरात देवळीत ठेवलेली असायची. झोप, जेवण, टक लावणं. तिन्ही होतं. मी ब्रश धुतले, हेडमास्तरांना सांगितलं आणि वाईची एसटी धरली, वाईहून सातारा. रविवार होता म्हणून सांगलीला न जाता हवालदारांच्या गावचा रस्ता विचारला. ते ओढ्यात म्हैस धूत होते.

मी सगळं सांगितलं, गोळ्या सोडल्याचंसुद्धा. ते रागावले नाहीत. म्हशीला घासतच ऐकत होते. मग म्हणाले, "सोताहून आलास. आता डॉक्टरला काम कमी हाय." त्यांच्या मंडळींनी मला भाकरी वाढली. हवालदारांनी साताऱ्याला येऊन टेलिफोनच्या बूथवरून डॉक्टरांना विचारलं आणि ते तसेच माझ्याबरोबर सांगलीच्या गाडीत बसले. आठ दिवसांत मी घरी होतो. जाण्याआधी एक विचित्र गोष्ट बघितली. हवालदार डॉक्टरांच्या खोलीत टाचा जुळवून उभे होते आणि स्वतःविरुद्ध तक्रार करत होते. घरी गेलेल्या प्रत्येकाला ते महिन्याला एक जोडकार्ड टाकत, उत्तराचं अर्धं कार्ड कोरं ठेवून. पाचगणीचा पत्ता मी देऊन गेलो होतो आणि त्यांनी आळसानं कार्ड टाकलं नव्हतं. चूक माझी हाय साहेब, पेंटर एकला पडला. डॉक्टर म्हणत होते, अहो बसा तरी. ते बसले नाहीत.

त्यानंतर मी दर महिन्याला तपासणीला जात राहिलो. शालन बरोबर असायची, पुढं पुढं एकटाच. अशाच एका सकाळी, माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, मी व्हरांड्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. जतकडून एक गृहस्थ आले होते, पंचेचाळिशीचे, त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर. वडील आत डॉक्टरांशी बोलत होते. ते गृहस्थ चपला छातीशी धरून बाकावर बसले होते आणि कुणाकडे बघत नव्हते. हवालदार त्यांच्याजवळ होते, तेवढ्यात आत सिस्टरनी कशाला तरी हाक मारली. हवालदारांनी इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाले, पेंटर, जरा बस ह्यांच्यापाशी. आणि गेले.

मी सरकून शेजारी बसलो.   पाच-दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, मी डॉक्टर आहे का. मी सांगितलं, नाही, मी पाट्या रंगवतो आणि इथं तुमच्यासारखाच येतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या बोटांना निळा रंग होता. मग विचारलं, हे जातं का. मी म्हणालो, काही जणांचं जातं. माझं पुरतं गेलेलं नाही, पण मी घरी असतो, काम करतो, मला एक मुलगी आहे.

त्यांनी चपला आणखी घट्ट धरल्या.

"पोरगी भेती का तुमाला?" त्यांनी विचारलं.

मी खरं काय ते आठवून बघितलं.

"न्हाई," मी म्हणालो. "काल रुसली होती माझ्यावर. वहीला कव्हर घालून दिलं न्हाई म्हणून. अजून बोलत न्हाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "माझीबी लय रुसायची," ते म्हणाले. आणि मग कशावरून रुसायची ते सांगायला लागले. एकदा जत्रेत बांगड्या घेतल्या नाहीत म्हणून, एकदा तिच्या शेळीला दुसरं नाव ठेवलं म्हणून. हवालदार परत आले तेव्हा ते तिसऱ्या रुसव्यावर होते. हवालदार दारात क्षणभर थांबले, आमच्याकडे बघितलं, आणि पावलांचा आवाज न करता आल्या वाटेनं आत निघून गेले.